सवाई जयसिंहाच्या वेधशाळा

इतिहासाच्या पुस्तकांत जयसिंह हें नांव आलें, कीं आपणांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें मिर्झा राजा जयसिंह उभा राहतो. इ. स. १६६५ मध्यें शिवाजीमहाराजांशीं पुरंदरचा तह करणारा सरदार तो. परंतु ज्या जयसिंहाविषयीं आम्ही या लेखांत चार शब्द लिहिणार आहों, तो निराळा. तो या मिर्झा राजाचा खापरपणतू होय. त्याचा जन्म १६८८ सालीं झाला. वयाला अकरा वर्षें पुरीं होतात न होतात तोंच त्याचा बाप वारला, आणि अंबरच्या गादीचा भार त्याच्यावर पडला. १७०२ सालीं औरंगजेबाच्या फौजेनें विशाळगड वेढला होता, तेव्हां हा कोवळा राजा त्या फौजेंत होता. पुढें तोच सवाई जयसिंह या नांवानें प्रसिद्धीस आला. १७२७ मध्यें त्यानें जयपूर शहर वसविलें आणि १७४३ मध्यें तो मरण पावला.

त्याच्या लढायांची व राजकारणाची हकीकत इतिहासकार सांगतातच. तथापि अडीचशेंहून अधिक वर्षें लोटल्यावरही सामान्य लोक त्याचें नांव घेतात, तें दगडचुन्याच्या कांहीं चमत्कारिक इमारतींमुळें. या इमारतींना लोक ‘जंतरमंतर’ म्हणतात. नांव ऐकून कोणास वाटेल कीं, हें कांहीं जादूटोण्याचें स्थान असावें. पण ‘जंतर’ हा ‘यंत्र’ या शब्दाचा अपभ्रंश आहे. हीं आकाशाचे वेध घेण्याचीं यंत्रें आहेत, आणि त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. शाळेंतली भूमिति ज्याला येते, त्याला तीं समजतात.

वेधशाळा कां बांधली?

आतां पहिला प्रश्न असा, कीं राज्याचा एवढा पसारा संभाळणाऱ्या राजाला ताऱ्यांचें मोजमाप करण्याची गरज काय पडली? याचें उत्तर पंचांगांत आहे. त्या काळीं सण, ग्रहणें, मुहूर्त, स्वारीवर निघण्याचे दिवस, सर्व कांहीं गणितावर अवलंबून असे. आणि तें गणित जुन्या ग्रंथांतील कोष्टकांवरून करीत. कोष्टक कितीही चांगलें असलें, तरी त्यांत अगदीं लहान चूक राहिलेली असते, आणि ती काळाबरोबर वाढत जाते. घरांतील घड्याळ रोज एकच सेकंद मागें पडत असेल, तर दुसऱ्या दिवशीं तें कोणाच्या ध्यानांत येणार नाहीं. पण वर्षांत तें सहा मिनिटें मागें पडेल आणि दहा वर्षांत तासभर. ग्रहांच्या कोष्टकांचेंही असेंच आहे. फरक इतकाच, कीं तीं कोष्टकें दहा वर्षें नव्हे, तर शेंकडों वर्षें चालवलीं जात होतीं.

जयसिंहानें संस्कृत सिद्धान्तग्रंथ पाहिले, समरकंदच्या उलुघबेगाचीं कोष्टकें पाहिलीं, युरोपांतून आलेलींही पाहिलीं. गणितानें काढलेलें स्थान आणि आकाशांत दिसणारें स्थान यांचा मेळ बसेना. ही गोष्ट त्यानें दिल्लीचा बादशहा महंमदशहा याच्या कानांवर घातली आणि त्याच्या अनुमतीनें नवे वेध घेण्याचें काम हातीं घेतलें. या कामाचें फळ म्हणून जीं कोष्टकें तयार झालीं, त्यांस बादशहाच्या नांवावरून ‘झीज-इ-महंमदशाही’ असें नांव दिलें. या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत हा सारा इतिहास आला आहे. विल्यम हंटर या स्कॉटिश गृहस्थानें १७९९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळें ती प्रस्तावना बाहेरच्या विद्वानांस ठाऊक झाली.

पितळेकडून दगडाकडे

प्रारंभीं जयसिंहानें मुसलमानी ज्योतिष्यांच्या पद्धतीप्रमाणें पितळेचीं यंत्रें करविलीं. पण तीं त्याच्या मनास येईनात. यंत्र लहान, म्हणून त्याच्या वर्तुळावर अंशांच्या खालीं कलांच्या खुणा करण्यास जागा नाहीं. फिरता आंस झिजतो आणि डगमगतो. वर्तुळाचा मध्य आपल्या जागेवरून सरकतो. यंत्राची पातळी कलते. हे दोष त्याच्या ध्यानांत आले. तेव्हां त्यानें ठरविलें, कीं यंत्रें दगडाचीं आणि चुन्याचीं, हालणार नाहींत अशीं, आणि होतील तितकीं मोठीं बांधावीं. मोठ्या वर्तुळावर एक अंश म्हणजे ऐसपैस जागा. तेथें बारीक खुणा करतां येतात. या विचारांत उलुघबेगाचें उदाहरण त्याच्यापुढें होतें. तैमूरलंगाचा हा नातू पंधराव्या शतकांत समरकंद येथें सुमारें चाळीस मीटर त्रिज्येच्या कमानीवर सूर्याचे वेध घेत असे. त्या कमानीचा जमिनीखालचा भाग १९०८ मध्यें खणून काढण्यांत आला.

जयसिंहाची पहिली वेधशाळा १७२४ मध्यें दिल्लीस उभी राहिली. एवढ्यावर तो थांबला नाहीं. एकाच ठिकाणचा वेध चुकीचा असूं शकतो, यास्तव तो दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या माणसांनीं, दुसऱ्या यंत्रावर पडताळून पाहिला पाहिजे, असें त्याचें म्हणणें. म्हणून त्यानें जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जयिनी येथेंही वेधशाळा बांधल्या. आमच्या मतें साऱ्या प्रकरणांतील सर्वांत मोठी गोष्ट हीच होय. राजाचा शब्द खाली पडूं न देण्याचा तो काळ. अशा काळीं आपलाच वेध खरा कीं खोटा हें पाहण्यासाठीं राजानें स्वतः पैसा खर्चावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

सम्राट् यंत्र

या वेधशाळांतील मुख्य यंत्र म्हणजे सम्राट् यंत्र. दुरून पाहिलें तर तें आकाशांत चढून मध्येंच संपलेल्या जिन्यासारखें दिसतें. दक्षिणोत्तर उभारलेली ही काटकोनत्रिकोणाकृति भिंत होय. तिची तिरपी कड जमिनीशीं जो कोन करते, तो त्या गांवच्या अक्षांशाइतका असतो. म्हणजे जयपुरास सुमारें २७ अंश आणि उज्जयिनीस सुमारें २३ अंश. कोन असा ठेविला, कीं ती कड पृथ्वीच्या आंसाशीं समांतर होते आणि तिचें वरचें टोंक ध्रुवाकडे रोखलेलें राहतें. भिंतीच्या दोन्ही बाजूंस विषुववृत्ताच्या पातळींत दोन कमानी बांधलेल्या असतात आणि त्यांवर तासांच्या व मिनिटांच्या खुणा असतात. सकाळीं भिंतीची सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते, ती हळूहळू खालीं उतरत बरोबर मध्यान्हीं नाहींशी होते, आणि मग पूर्वेच्या कमानीवर चढूं लागते. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणून सावली तासाला १५ अंश सरकते.

जयपूरचें सम्राट् यंत्र सुमारें २७ मीटर, म्हणजे नव्वद फूट उंच आहे. जगांतील दगडी छायायंत्रांत तें सर्वांत मोठें समजतात. त्याच्या कमानीची त्रिज्या १५ मीटरांहून थोडी अधिक आहे. विद्यार्थ्यांनीं येथें एक लहानसें गणित करून पाहावें: त्रिज्येवरून परीघ काढावा, तो सुमारें ९५ मीटर येईल, त्यास दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनीं भागावें. उत्तर एक मिलिमीटरहून किंचित् अधिक येतें. अर्थात् सावली दर सेकंदास एवढी सरकते, आणि तासाला सुमारें चार मीटर. तेथें उभें राहिलें, तर काळ जातांना डोळ्यांनीं दिसतो असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सावली एवढी मोठी झाली, तरी तिच्यांत एक अडचण राहतेच. सूर्य हा बिंदु नसून अर्ध्या अंशाचें बिंब आहे. त्यामुळें सावलीची कड रेखीव नसते, अंधुक असते. ती नेमकी कोठें संपते, हें बारीक काडी किंवा दोरा धरून युक्तीनें ठरवावें लागतें. म्हणूनच सम्राट् यंत्राच्या पोटांत षष्ठांश यंत्राच्या अंधाऱ्या खोल्या केल्या आहेत. छतांतील बारीक छिद्रांतून मध्यान्हीं सूर्यकिरण आंत येतो आणि साठ अंशांच्या कमानीवर सूर्याचें वाटोळें बिंब उमटतें. तें मोजणें सावलीची कड मोजण्याहून पुष्कळ सोपें.

छायायंत्र आणि मनगटावरचें घड्याळ

जयपुरास जाणारे पुष्कळ प्रवासी यंत्रावरील वेळ मनगटावरच्या घड्याळाशीं ताडून पाहतात, आणि मेळ न बसल्यास जुन्या लोकांस हंसतात. हें हंसणें बरोबर नव्हे. आपलें घड्याळ ८२॥ अंश रेखांशाची वेळ दाखवितें. तीच साऱ्या देशाची प्रमाणवेळ आहे. जयपूर त्या रेषेच्या पश्चिमेस सुमारें पावणेसात अंश आहे. एका अंशास चार मिनिटें, या हिशेबानें जयपूरचा मध्यान्ह सुमारें २७ मिनिटें उशिरां होतो. शिवाय पृथ्वी सूर्याभोंवतीं सारख्या वेगानें फिरत नाहीं आणि तिचा आंस कललेला आहे, त्यामुळें सूर्य कांहीं महिने घड्याळाच्या पुढें आणि कांहीं महिने मागें असतो. एप्रिलच्या मध्यास हा फरक जवळजवळ शून्य असतो. तेव्हां जयपूरच्या यंत्रावर बारा वाजतांना घड्याळांत १२ वाजून २७ मिनिटें झालेलीं असतात. नोव्हेंबरच्या आरंभीं सूर्य सोळा मिनिटें पुढें असतो, म्हणून घड्याळांत १२ वाजून ११ मिनिटें होतात. फेब्रुवारींत तो चौदा मिनिटें मागें असतो, तेव्हां १२ वाजून ४१ मिनिटें होतात. यंत्र खोटें नाहीं आणि घड्याळही खोटें नाहीं. दोघें निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें देतात, एवढेंच.

इतर यंत्रें

जयपुरास सुमारें वीस मुख्य यंत्रें आहेत. त्या सर्वांचें वर्णन येथें देणें शक्य नाहीं. दोनतीन मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जयप्रकाश यंत्र म्हणजे जमिनींत खोदलेल्या दोन अर्धगोल वाट्या. आकाशाचा घुमट उलटा करून ठेवावा, तशी ही रचना आहे. वाटीच्या तोंडावर ताणलेल्या तारांच्या छेदाची सावली आंतल्या संगमरवरावर जेथें पडते, त्यावरून सूर्याचें आकाशांतील स्थान कळतें. रात्रीं सावली नसते. तेव्हां वेध घेणारा वाटींत ठेवलेल्या मोकळ्या गल्ल्यांतून खालीं उतरे आणि तारांचा छेद व तारा एका रेषेंत आणून खूण वाची. एका वाटींत जेथें गल्ली, तेथें दुसरींत दगडी पाटी; दोन्ही मिळून पूर्ण अर्धगोल होतो. रामयंत्र हें दोन गोल इमारतींचें असून त्यावर ताऱ्याची उंची आणि दिशा मोजतां येते. राशिवलय यंत्रांत बारा राशींचीं बारा लहान यंत्रें आहेत.

नाडीवलय यंत्राच्या तबकड्या विषुववृत्ताच्या पातळींत बसविलेल्या आहेत. मार्चच्या २१ तारखेपासून सप्टेंबरच्या २३ तारखेपर्यंत सूर्य उत्तर गोलार्धांत असतो, तेव्हां उत्तरेकडील तबकडीवर ऊन पडतें. उरलेले सहा महिने दक्षिणेकडील तबकडी काम करते. ज्या दिवशीं ऊन एका तोंडावरून दुसऱ्यावर जातें, तो विषुवदिन. भूगोलाच्या पुस्तकांतील एक ओळ येथें दगडांत उभी केलेली आहे.

उज्जयिनी आणि आपण

पांच वेधशाळांपैकीं उज्जयिनीची वेधशाळा आपणां मराठी लोकांस विशेष जवळची आहे. आपल्या जुन्या ज्योतिष्यांनीं रेखांश मोजण्यास उज्जयिनीवरून जाणारी रेषाच मूळ धरली होती. जयसिंह माळव्याचा सुभेदार होता, त्या संबंधानें क्षिप्रेच्या कांठीं त्यानें ही वेधशाळा बांधली. येथील दक्षिणोत्तर भिंतीवर सूर्याची मध्यान्हींची उंची मोजतात, आणि ती भिंत काय शिकविते तें पाहण्यासारखें आहे. डिसेंबरांत दिवस सर्वांत लहान असतो, तेव्हां मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून दक्षिणेस ४६ अंश ३७ कला दूर असतो. जूनमध्यें दिवस सर्वांत मोठा, तेव्हां तो त्या बिंदूच्या उत्तरेस अवघा १५ कला जातो. सावली जवळजवळ उरतच नाहीं. या दोन आंकड्यांची बेरीज ४६ अंश ५२ कला. तिचें अर्ध २३ अंश २६ कला. हा पृथ्वीच्या आंसाचा कल झाला. त्यांची वजाबाकी ४६ अंश २२ कला. तिचें अर्ध २३ अंश ११ कला. हे उज्जयिनीचे अक्षांश झाले. एक भिंत, वर्षांतील दोन दुपारी आणि इयत्ता चौथीची बेरीज-वजाबाकी, एवढ्या सामग्रीवर पृथ्वीविषयीं दोन गोष्टी कळल्या.

जयसिंहाच्या वेळीं हा कल २३ अंश २८ कला भरला होता. उलुघबेगास तो २३ अंश ३० कलांहून थोडा अधिक आढळला होता. दोघेही आपापल्या काळीं बरोबर होते, कारण हा कल खरोखरच हळूहळू कमी होत आहे. यावरून पूर्वजांनीं एकदां मोजलें म्हणून आपण पुन्हां मोजूं नये, हें म्हणणें किती चुकीचें आहे तें दिसतें.

१७४१ मध्यें माळव्याची नायब सुभेदारी बाळाजी बाजीराव पेशव्यांकडे आली आणि पुढें उज्जयिनी शिंद्यांच्या ताब्यांत राहिली. तरी वेधशाळेकडे दीर्घकाळ कोणी लक्ष दिलें नाहीं. तिची डागडुजी झाली ती १९२३ मध्यें, माधवराव शिंदे महाराजांच्या हातून. त्यानंतर गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिष्यांच्या देखरेखीखालीं तेथें वेध घेण्याचें काम पुन्हां सुरू झालें. जयसिंहाच्या मूळ यंत्रांखेरीज तेथें जें शंकुयंत्र दिसतें, तें १९३७ मध्यें त्यांच्याच काळीं बांधलेलें आहे.

जयसिंहाचे सहकारी

हें काम एकट्या राजाचें नव्हतें. त्याच्या पदरीं हिंदु व मुसलमान असे दोन्ही धर्मांचे ज्योतिषी होते. त्यांत अग्रगण्य जगन्नाथ पंडित. हा महाराष्ट्रीय ब्राह्मण होता आणि त्यास ‘सम्राट्’ ही पदवी होती. तो अरबी शिकला. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ आणि यूक्लिडची भूमिति हे दोन्ही ग्रंथ त्यानें अरबीवरून संस्कृतांत आणले; भूमितीच्या ग्रंथाचें नांव ‘रेखागणित’. सुमारें तीनशें वर्षांपूर्वींच्या या ग्रंथाची छापील आवृत्ति विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेंतून निघाली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासांत जयसिंह व जगन्नाथ या दोघांचीही हकीकत आहे. मोठ्या विद्यार्थ्यांनीं ती मुळांतून वाचावी.

युरोपांत काय चाललें आहे हें जाणण्यासाठीं जयसिंहानें मॅन्युएल द फिगेरेदो या जेसुइट पाद्र्याबरोबर गोव्याच्या मार्गानें एक मंडळ पोर्तुगालास पाठविलें. तें १७२९ च्या सुमारास लिस्बनला पोंचलें. त्यांनीं परत येतांना द ला हीर या फ्रेंच ज्योतिष्याचीं कोष्टकें आणलीं. जयसिंहानें तींही डोळे मिटून स्वीकारलीं नाहींत. ताडून पाहिल्यावर चंद्राच्या स्थानांत त्यास अर्ध्या अंशाचा फरक आढळला. १७३४ मध्यें चंद्रनगरहून बूदिए आणि पों हे दोन फ्रेंच पाद्री त्याच्या बोलावण्यावरून जयपुरास गेले.

पुढें काय झालें?

१७४३ मध्यें जयसिंह वारला. त्याच्या मुलांत गादीविषयीं तंटा लागला, मराठे सरदारही त्यांत पडले, आणि वेधशाळा ओस पडल्या. मथुरेची वेधशाळा तेथील किल्ल्यावर होती. ती १८५७ पूर्वींच साफ नाहींशी झाली. काशीची, गंगेच्या घाटावर मानमंदिराच्या गच्चीवर असलेली, शिल्लक आहे. दिल्लीच्या यंत्रांची दुरुस्ती जयपूरच्या राजानें १९१० मध्यें करविली. आज त्यांच्या भोंवतीं उंच इमारती उठल्यामुळें तेथून पूर्वींसारखें मोकळें आकाश दिसत नाहीं. जयपूरच्या यंत्रांचा जीर्णोद्धार १९०१-०२ मध्यें गॅरेट या इंग्रज अधिकाऱ्यानें केला. त्यास चंद्रधर शर्मा गुलेरी या तरुण पंडिताचें साहाय्य होतें. हेच गुलेरी पुढें हिंदी कथालेखक म्हणून नांवाजले. २०१० मध्यें युनेस्कोनें जयपूरच्या वेधशाळेचा जागतिक वारशांत समावेश केला.

आतां एक अवघड प्रश्न उरतो. जयसिंहानें एवढा खटाटोप केला, त्यापूर्वींच कोपर्निकसाचा ग्रंथ १५४३ मध्यें निघाला होता, गॅलिलिओनें १६०९ मध्यें दुर्बीण आकाशाकडे लाविली होती, आणि न्यूटनचा ग्रंथ १६८७ मध्यें प्रसिद्ध झाला होता. जयसिंहास दुर्बीण ठाऊक होती, तरी त्याचीं मोठीं यंत्रें नुसत्या डोळ्यांनींच पाहण्याचीं राहिलीं. मग त्याचे श्रम फुकट गेले काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. पण त्याची खरी उणीव कोठें होती, हें सांगितलें पाहिजे. त्यानें दगडाचीं यंत्रें अशीं बांधलीं, कीं तीं तीन शतकें टिकावीं. परंतु त्या यंत्रांवर बसून पुढच्या पिढीला शिकविणारी शाळा मागें राहिली नाहीं. सर्व काम एका राजाच्या आवडीवर आणि खजिन्यावर चाललें होतें. राजा गेला आणि कामही थांबलें. ग्रीनिचची वेधशाळा १६७५ मध्यें स्थापन झाली, आणि एकामागून दुसरा ज्योतिषी तेथें बसत गेला, वेधांच्या वह्या पुढच्याच्या हातीं देत गेला. दगडापेक्षां ही परंपरा अधिक टिकाऊ ठरली. ज्ञान मिळविणें हें एकाचें काम असेल. तें राखणें पुष्कळांचें आहे.

विद्यार्थिमित्रहो, जयपूर किंवा उज्जयिनी पाहण्याचा योग प्रत्येकास येईलच असें नाहीं. पण शाळेच्या पटांगणांत एक सरळ काठी उभी रोवावी, तिच्या बुडाभोंवतीं एक वर्तुळ काढावें, आणि सकाळीं व दुपारीं सावलीचें टोंक वर्तुळास जेथें जेथें लागेल तेथें खूण करावी. दोन खुणा आणि काठी यांमधील कोन दुभागला, कीं खरी दक्षिणोत्तर रेषा मिळते. त्या रेषेवर पुठ्ठ्याचा काटकोनत्रिकोण उभा करावा. त्याचा कोन पुण्यास साडेअठरा अंश, मुंबईस एकोणीस, नागपुरास एकवीस. झालें तुमचें सम्राट् यंत्र. मग महिनाभर रोज दुपारीं घड्याळाशीं ताडून वहींत आंकडे लिहावे. आणि वर्ष संपल्यावर ती वही खालच्या वर्गाच्या हातीं द्यावी.